अनामिक चढाईपटूंचे चाहते : प्रो कबड्डीतील नव्या तरुण खेळाडूंविषयीच्या आशेची चिकित्सा

प्रास्ताविक

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार मराठी भाषकांना सुपरिचित आहे. त्यातील पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदा तालुक्यातील, असे सामान्यतः मानले जाते. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पेडगाव ते नव्हे. मात्र सर्व काही ठाऊक असताना अजाणतेपणाचे सोंग घ्यावयाचे आणि आपले ईप्सित साधावयाचे, हा जो त्या वाक्प्रचाराचा अर्थ, तो या दुसऱ्या पेडगावातील आणि मराठवाड्यातील तशाच शेकडो गावांतील कबड्डीच्या चाहत्याला विलक्षण चपखल लागू पडतो. प्रो कबड्डी लीगचा लिलाव आटोपला की कोट्यवधींच्या बोलीची चर्चा चार दिवसांत विरते. त्यानंतर चावडीवर, हॉटेलात आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर जी चर्चा मुरत राहते ती वेगळ्याच नावांची असते. हा कोण नवा पोरगा घेतला, कोणत्या जिल्ह्याचा आहे, राज्य स्पर्धेत कुणी पाहिला होता काय, डावीकडून चढाई करतो की उजवीकडून, अशी ती चर्चा असते. ज्या खेळाडूला संघव्यवस्थापनानेही अद्याप पुरते ओळखलेले नाही, त्याच्यावर हा चाहता आपली सर्व आशा लावून मोकळा होतो.

ही आशा म्हणजे भाबडेपणा होय, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रसारमाध्यमांच्या अभ्यासकांपैकी काहींना तीत बाजारपेठेने घडविलेल्या ग्राहकाची मानसिकता दिसते. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी करावयाची असून, या आशेत नेमके काय पणाला लागलेले असते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार करावयाचा आहे.

निवड आणि लिलाव

तरुण व अप्रसिद्ध खेळाडूंवर आशा लावण्याची रीत व्यावसायिक खेळात नवी नाही. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरील हॉकीत, १९६३ पासून नवोदितांची क्रमवार निवड केली जाते. ही पद्धत तेथे 'ड्राफ्ट' या नावाने ओळखली जाते. तिचे तत्त्व असे की, गेल्या हंगामात जो संघ दुबळा ठरला त्याला सामान्यतः आधी निवडीची संधी मिळावी. पहिल्या फेरीतील नावे सर्वांच्या तोंडी असतात. खरा चाहता मात्र शेवटच्या फेऱ्यांची यादी जपून ठेवतो. त्याला तसे करण्यास इतिहासाने कारणही दिले आहे. डेट्रॉइटच्या संघाने १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर पावेल दात्स्यूक आणि १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग यांना घेतले. २००८ मध्ये त्याच संघाने स्टॅन्ले चषक जिंकला तेव्हा हे दोघे संघाचे आधारस्तंभ होते आणि झेटरबर्ग हा अंतिम टप्प्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. दोनशे नावे पुकारून झाल्यावर, सभागृह रिकामे होत असताना पुकारलेले नाव पुढे चषक उचलते, ही कथा तेथील प्रत्येक पराभूत संघाच्या चाहत्याला तोंडपाठ असते.

भारतात लीगच्या संस्थापकांनी ही पद्धत मुख्य मार्ग म्हणून स्वीकारली नाही, लिलाव स्वीकारला. हा फरक केवळ तांत्रिक नाही. क्रमवार निवडीत दुबळ्या संघाला सांत्वन म्हणून भविष्यकाळ दिला जातो. लिलावात भविष्यकाळालाही भाव फुटतो. २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती आणि ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले गेले. त्या वर्षी सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर थांबली. नऊ वर्षांत सर्वोच्च बोली वीस पटींनी वाढली. मातीतल्या खेळाला मिळालेल्या या प्रतिष्ठेचे स्वागत झाले ते योग्यच होय.

परंतु लिलावाचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण ही एक संहिता मानून वाचली, तर तिच्यातील मौने लक्षात येतात. हातोडा, फलक, संघमालकांचे चेहरे आणि वाढत जाणारा आकडा ही तिची प्रमुख सामग्री. संघात किमान १८ व कमाल २५ खेळाडू असावेत, असा नियम अलीकडच्या हंगामांत राहिला आहे. १२ संघांचा हिशेब केला तर २१६ ते ३०० जागा होतात आणि एका वेळी मैदानात उतरणारे सातच धरले तर त्यांपैकी ८४ जण प्रत्यक्ष खेळतात. उरलेल्यांत मोठा भरणा असतो तो 'न्यू यंग प्लेयर' या संज्ञेखाली घेतलेल्या कोवळ्या मुलांचा. ही मुले बहुतांशी हातोड्याच्या आवाजाविना संघात येतात. संहितेने ज्यांना जवळजवळ वगळले, त्यांच्याविषयीच चाहता सर्वाधिक बोलतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. चाहता हा केवळ ग्राहक असता तर ज्याची जाहिरात झाली तोच माल त्याने उचलला असता.

योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडेची जी मीमांसा केली तीत, खेळाचा ऐहिक लाभाशी संबंध नसतो, हे एक लक्षण सांगितले आहे. व्यावसायिक कबड्डीला ते लक्षण लागू करणे आज धाडसाचे ठरेल. तथापि ज्याच्यावर अद्याप मोठी बोली लागलेली नाही त्या खेळाडूकडे पाहताना चाहत्याची नजर काही काळ तरी या जुन्या अर्थाने क्रीडेची नजर असते. दोन कोटींचा चढाईपटू रिकाम्या हाताने परतला तर चाहत्याच्या तोंडून आधी रक्कम बाहेर पडते, मग शिवी. नवख्या मुलाची पकड झाली तर तोच चाहता 'कोवळा आहे, शिकेल' म्हणतो. हे औदार्य स्वभावातले नव्हे. मुलाच्या नावापुढे अद्याप आकडा चिकटलेला नाही, म्हणून ते शक्य होते.

पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची

या आशेच्या स्वरूपातच एक अंतर्विरोध आहे. आशा सफळ झाली की तिचा विषय चाहत्याच्या हातातून निसटण्याची शक्यता सर्वाधिक असते. सिद्धार्थ देसाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा हा तरुण २०१८ मध्ये यू मुंबाकडून प्रथमच लीगमध्ये उतरला. मुंबईने त्याला सुमारे ३६ लाखांत घेतले होते. कोटीची भाषा सुरू झालेल्या त्या लिलावात ही रक्कम कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक चढाईगुण मिळविले. उंच, धिप्पाड, पकडीतून अंगाच्या जोरावर मध्यरेषेकडे झेपावणारा असा हा चढाईपटू म्हणजे अनुप कुमारनंतर मुंबईच्या चाहत्याला लागलेली लॉटरीच होती. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या लिलावात, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातील ही सर्वोच्च बोली होती. मुंबईच्या चाहत्याने पेरले आणि कापणीच्या वेळी शेत दुसऱ्याच्या नावावर झाले. गंमत अशी की, त्या हंगामात तेलुगू संघ बादफेरीपर्यंतही पोहोचला नाही. पुढे दुखापतींनी सिद्धार्थला गाठले आणि संघ बदलत राहिले.

या घटनाक्रमात दोष कुणाचा, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. खेळाडूने योग्य मोबदला का घेऊ नये? चार-सहा हंगामांची कारकीर्द, खांद्याचा किंवा गुडघ्याचा एक स्नायू दगा देईल तेथे संपणारी. त्याला निष्ठेचे धडे देणारा चाहता स्वतःच्या पगारवाढीच्या वेळी निष्ठा आठवत नाही, एवढे नमूद करून पुढे जावे. महत्त्वाचे हे की, लिलावाच्या व्यवस्थेत आशा ही अल्पमुदतीची असते. नव्या खेळाडूला ठरावीक काळ संघाशी बांधून ठेवण्याची तरतूद आहे ती ही मुदत थोडी वाढविते, एवढेच. चाहत्याला हे चांगले ठाऊक असते. तरीही पुढच्या वर्षी तो नवी यादी घेऊन बसतो. वेड पांघरणे म्हणतात ते हेच.

उलट बाजूचे उदाहरण प्रदीप नरवालचे. एका हंगामात ३६९ चढाईगुण, लीगच्या इतिहासात सर्वाधिक चढाईगुण आणि 'डुबकी' या शब्दाला घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय ज्याच्याकडे जाते, तो खेळाडू २०२५ च्या लिलावात कुणीही घेतला नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती स्वीकारली. त्या आठवड्यात हळहळ पुष्कळ झाली. परंतु 'आता नव्यांना जागा द्या' हा सूर त्याआधीचे दोन हंगाम चाहत्यांतूनच उठत होता, हे विसरता येत नाही. नव्या मुलावरची माया आणि जुन्याविषयीचे निष्ठुरपण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. तरुणांविषयीच्या आशेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात हे दुसरे अंग सहसा येत नाही.

पलटणचा अपवाद

पुणेरी पलटणचा प्रवास या संदर्भात अधिक सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातील चाहत्याच्या आशेला पुरावा मिळाला तो येथेच. आठवा हंगाम डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात, साथीमुळे, बंगळुरू येथे प्रेक्षकांविना खेळविला गेला. पुण्याकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन नामांकित चढाईपटू होते आणि प्रशिक्षकपदी अनुप कुमार होते. हंगामाची सुरुवात निराशाजनक झाली. हळूहळू चढाईचा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नवख्या मुलांकडे गेला व नामांकित मंडळी बाकावर दिसू लागली. संघ बादफेरीत पोहोचला आणि तेथे उत्तर प्रदेशकडून पराभूत झाला. वरकरणी हा अपयशाचा हंगाम. पण रिकाम्या प्रेक्षागृहातील तो खेळ घरी बसून पाहणाऱ्या चाहत्याने त्या दोन महिन्यांत आपला संघ नव्याने निवडला होता.

अस्लम अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ग्रामीण भागातून, बेताच्या परिस्थितीतून आलेला. आकाश शिंदे नाशिकचा. पंकज मोहिते २०१९ पासून पुण्याबरोबर. नवव्या हंगामात संघाने इराणच्या फझल अत्राचलीवर १ कोटी ३८ लाख खर्च केले आणि अंतिम फेरी गाठली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. दहाव्या हंगामात इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च झाले, पण संघाचे नेतृत्व अस्लमकडे होते. पलटण गुणतक्त्यात अव्वल राहिली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेती ठरली. अंतिम सामन्यात निर्णायक ठरली ती पंकज मोहितेची चार गुणांची एक चढाई. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते.

यावरून 'तरुणांवर विश्वास ठेवा, विजय मिळेल' असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. पलटणने मुलांवर विश्वास ठेवला हे खरे. त्याच वेळी जगातील सर्वांत महाग बचावपटूंपैकी एक त्यांच्या पाठीशी उभा केला हेही तितकेच खरे. चढाईपटू धोका पत्करू शकतो, कारण त्याच्यामागे बचाव सामना सांभाळून धरतो. बोनसवर समाधान मानणे आणि गर्दीत घुसणे यांतील निवड मुलाच्या धाडसावर जितकी अवलंबून असते तितकीच मागच्या सहांवर. चाहत्यांच्या कथनात मात्र मागचे सहा पुसले जातात, उरतो तो एकटा गरिबाघरचा मुलगा. समालोचनाला आणि वृत्तपत्रीय लेखांना हेच कथन सोयीचे असते. झोपडी, आईचे कष्ट, मातीचे मैदान, आणि मग झगमगाट. या साच्यात प्रत्येक यशस्वी खेळाडूला बसविले जाते. त्यामुळे अस्लमच्या खेळातले खरे वैशिष्ट्य, म्हणजे शेवटच्या सेकंदांपर्यंत घाई न करता समोरच्या कोपरारक्षकाला हालचाल करावयास लावण्याची त्याची हातोटी, याविषयी मराठीत फारसे लिहिलेच गेले नाही. खेळाडूच्या दारिद्र्याविषयी पानेच्या पाने आणि त्याच्या पदलालित्याविषयी दोन ओळी, ही आपल्या क्रीडालेखनाची दुरवस्था आहे.

१२ व्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी पराभूत झाली. तीन गुणांनी विजेतेपद मिळाले होते, तीन गुणांनीच हुकले. दुसऱ्या दिवशीची चर्चा बाकावरच्या कुणाला पुढे आणावे याचीच असणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

मराठवाड्यातील चाहता

मराठवाड्याला लीगमध्ये संघ नाही. पेडगावच्या चाहत्याने पुण्याचे मैदान गाठावयाचे तर तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. म्हणजे त्याचा संबंध पडद्याशीच. संघनिष्ठेला भूगोलाचा आधार नसल्याने ती खेळाडूवर, आणि खेळाडूच्या जिल्ह्यावर, टेकलेली असते. कोणत्याही संघाच्या यादीत बीड, नांदेड, जालना, परभणी यांपैकी एखादे नाव आले की तो संघ त्या हंगामापुरता 'आपला' होतो. युवा कबड्डी मालिकेच्या महाराष्ट्रातील स्पर्धेत जिल्ह्यांचे संघ उतरले तेव्हा परभणीच्या संघाला 'परभणी पांचाला प्राईड' असे नाव मिळाले. पांचाल देश कुठला आणि गोदा-पूर्णेचे खोरे कुठले! पण मधल्या त्या परक्या शब्दांकडे दुर्लक्ष करून पहिला शब्द तेवढा वाचणे चाहत्याला उत्तम जमते.

येथे या आशेचे दुसरे, अधिक गंभीर रूप समोर येते. पुण्या-मुंबईच्या चाहत्याची आशा करमणुकीच्या कक्षेत राहते. ग्रामीण मराठवाड्यात चाहता आणि उमेदवार ही अनेकदा एकच व्यक्ती असते. रात्री पडद्यावर सामना पाहणारा मुलगा पहाटे शाळेच्या मैदानावर सराव करतो. त्याच्यासमोर जो मार्ग आहे तो असा : जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा. किंवा महाविद्यालय, आंतरविद्यापीठ स्पर्धा, खेलो इंडिया. २०२२ च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतील दोन संघांचे खेळाडू उपलब्ध यादीत समाविष्ट करण्यात आले होते. महाविद्यालयीन कबड्डीला मिळालेली ही मान्यता स्वागतार्ह होती. पण दार किती अरुंद आहे हेही तीतून दिसले. देशातील शेकडो विद्यापीठांपैकी दोन.

मातीवरून मॅटवर जाण्याचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलाचे पाय, वळण्याचा कोन, पडण्याची सवय हे सारे मातीने घडविलेले असते. मॅटवर बूट घालून खेळताना पकड वेगळी बसते, घसरण वेगळी होते, गुडघ्यावर ताण वेगळा येतो. निवड चाचणीच्या दिवशी प्रथमच मॅटवर उतरलेल्या मुलाची गुणवत्ता त्या दिवशी दिसण्याची शक्यता कमीच. चाहता म्हणतो, 'पोरात दम आहे'. निवड समितीला दिसतो तो घसरणारा पाय. दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

घरच्या माणसांची आशा मात्र लीगशी फारशी निगडित नसते, हे नोंदविले पाहिजे. राज्य शासनाने खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र, त्याची पडताळणी, पोलीस भरती, रेल्वे, हे बापाच्या डोक्यातले गणित असते. मुलाच्या डोक्यात लिलाव असतो आणि बापाच्या डोक्यात प्रमाणपत्र. ज्याला समाज 'कबड्डीचे वेड' म्हणतो त्यात हे दोन वेगवेगळे हिशेब एकाच घरात नांदत असतात. त्यांपैकी बापाचा हिशेब अधिक व्यवहार्य ठरण्याचा संभव मोठा, पण त्यावर एकही कार्यक्रम प्रक्षेपित होत नाही.

न दिसणारे

यशस्वी झालेल्यांकडे पाहून यशाची शक्यता मोजणे ही तर्कदृष्ट्या चूक होय. दात्स्यूक आणि झेटरबर्ग यांची नावे घेताना त्यांच्या आधीच्या व नंतरच्या शेकडो क्रमांकांचे काय झाले हे कुणी विचारीत नाही. अस्लम आठवतो. त्याच्या बरोबरीने त्याच हंगामात वेगवेगळ्या संघांनी घेतलेले आणि एकही चढाई न करता परतलेले तरुण कोणाच्याच स्मरणात नसतात. त्यांच्याविषयी तक्रार करावी असे कुणी वागलेले नसते. करार संपतो, पुढच्या यादीत नाव नसते, एवढेच घडते. मात्र या एकदोन वर्षांत पदवीचे एक-दोन सत्रांत हुकलेले असतात, उपस्थिती भरलेली नसते आणि राज्य स्पर्धेत जिल्ह्याकडून खेळण्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. गावात परतल्यावर लोक त्याला अजूनही 'प्रो कबड्डीवाला' म्हणतात. आरंभी त्यात कौतुक असते. दोन वर्षांनी त्याच शब्दाचा स्वर बदलतो.

चाहत्याच्या आशेची जबाबदारी येथे कितपत पोहोचते? बाजाराने निर्माण केलेल्या व्यवस्थेचे खापर प्रेक्षकावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि आशा ही निरुपद्रवी भावना आहे, हेही मान्य करता येत नाही. गावाने एखाद्या मुलावर आशा लावली की त्याला खेळ सोडून परतण्याची वाट उरत नाही. 'शिकेल' म्हणणारे औदार्य त्याच्या विशीत संपते. तेविसाव्या वर्षी त्याच्या जागी दुसरा कोवळा मुलगा सापडलेला असतो आणि आधीचा मुलगा, कोणतीही मोठी चूक न करता, चर्चेबाहेर गेलेला असतो. नव्या यादीत त्याचे नाव आहे का हे शेवटपर्यंत तपासणारा चाहता विरळा. आणि असा विरळा चाहता आढळतो तो बहुधा त्याच्याबरोबर मातीवर खेळलेला, त्याच्यासारखाच परत आलेला, दुसरा एखादा खेळाडू असतो.